एका कोयत्यात दोन माणसं

जून २०१९ मध्ये केज तालुक्यातल्या ऊसतोड कामगारांच्या संघटनेच्या दोन कार्यकर्त्या पुण्यात माझ्या ऑफिसात आल्या आणि त्यांनी टेबलावर एक शंभर पानी वही ठेवली. ऊसतोड बायकांच्या बैठकांमधून जमलेल्या मागण्या तिच्यात लिहिल्या होत्या. मोजल्या तर एकेचाळीस. उसाच्या फडावर प्यायचं पाणी, गैरहजेरीचा खाडा बंद, बाळंतपणात सुट्टी, पोरांची शाळा, साप चावून किंवा ट्रॉलीखाली येऊन कोणी गेलं तर भरपाई, टोळी घेऊन येणाऱ्या मुकादमाच्या वहीची नक्कल. दोघींतली मोठी म्हणाली, “ताई, ह्याचा कायदा करून द्या. आमदारसाहेब मांडायला तयार हायेत.”

त्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर पोचली होती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि आरोग्य विभागाच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मी मूळची अंबाजोगाईची. दसरा सरला की गावंच्या गावं कशी रिकामी होतात, घराच्या ओट्यावर फक्त म्हातारी माणसं कशी उरतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. कामगार न्यायालयात सहा-सात वर्षं वकिली झाली होती. कलमं तोंडपाठ होती. कायदा लिहिणं त्याहून फार वेगळं नसणार, असं मला वाटलं.

आठ दिवसांत मी बासष्ट कलमांचा मसुदा तयार केला आणि तो घेऊन सरांकडे गेले. सर म्हणजे राज्य शासनात उभी हयात विधेयकांचे मसुदे करण्यात घालवलेले निवृत्त अधिकारी. त्यांचं नाव कुठे छापलेलं त्यांना चालत नाही, म्हणून नुसतं सर. त्यांनी पहिली चार पानं वाचली, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, “हे फार चांगलं निवेदन आहे. मोर्चात वाचून दाखवा. विधेयक अजून लिहायचं आहे.”

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखले. कोणी, कोणासाठी, काय, कधीपर्यंत, आणि केलं नाही तर काय. एकेचाळीस मागण्या या पाच रकान्यांत भरून आणायला सांगितल्या. पाच रकाने भरत नाहीत तोवर कलम लिहायला बसायचं नाही.

मला आठवतं, पहिलीच मागणी घेतली, ‘फडावर प्यायच्या पाण्याची सोय व्हावी’. काय हे माहीत, कोणासाठी हे माहीत. कोणी? शेतकरी? ऊस त्याचा आहे, पण मजूर त्याने आणलेले नाहीत. कारखाना? कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. ट्रॅक्टरवाला म्हणतो, मी मुकादमाशी बोललो. मुकादम म्हणतो, मी पण कोयताच हाणत होतो, माझ्याकडे टँकर कुठून येणार. पाण्याच्या एका हंड्यामागे चार माणसं उभी होती आणि प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवत होता. माझ्या बासष्ट कलमांत सगळीकडे ‘सोय करण्यात येईल’ असं लिहिलेलं होतं. कर्मणी प्रयोग. आपल्या भाषेत तो इतका सहज येतो की कर्ता गळून पडलेला कळतही नाही. सर प्रत्येक ‘येईल’खाली रेघ ओढत गेले. कोण करणार? कोण करणार? कोण करणार? एकेचाळीसपैकी एकोणतीस मागण्या ‘कोणी’च्या रकान्यात अडकल्या.

यानंतरचा सव्वा महिना मी एक ओळही लिहिली नाही. सरांचा पुढचा प्रश्न होता: नवा कायदा हवाच कशाला? आहेत त्यातला कुठला पुरत नाही, आणि नेमका कुठे पुरत नाही? धोरणावर सल्ला देणाऱ्या माणसाने हा प्रश्न स्वतःला विचारला नाही, तर तो नुसता शब्दांचा ढीग वाढवतो, असं त्यांचं म्हणणं. आज मलाही तसंच वाटतं.

मी एकेक कायदा काढून बसले. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा. बीडचं जोडपं बेळगावला गेलं तर तेव्हा त्याच्या कक्षेत यायचं. तेच जोडपं कोल्हापूरला गेलं तर यायचं नाही, कारण राज्याची हद्द ओलांडली नाही. हाल मात्र सारखेच. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा मूळ वीस कामगारांपासून लागू होणारा. महाराष्ट्राने तो आकडा पन्नासवर नेला. मुकादमाची टोळी दहा-बारा कोयत्यांची. शिवाय ‘आस्थापना’ कोणती, हा वाद वेगळाच, कारण ऊस तोडला जातो शेतकऱ्याच्या वावरात. राहिला १९६९ चा माथाडी कायदा. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी वाहणाऱ्यांसाठी आपल्या राज्याने केलेला, मंडळ स्थापून मालकाकडून मजुरी आणि मजुरीवरची टक्केवारी म्हणजे लेव्ही, दोन्ही मंडळात भरून घेणारा. “याच्या अनुसूचीत ऊसतोडीची एक नोंद वाढवून भागेल का?” सरांनी विचारलं. मी चार दिवस त्यावर घालवले. सांगाडा उपयोगाचा होता. पण त्या कायद्यात आगाऊ उचल नाही, मुकादम नाही, आणि कामाची जागा दर आठ दिवसांनी बदलणारा माणूस नाही. म्हणून स्वतंत्र विधेयक, पण माथाडीच्या हाडावर, असं ठरलं.

नोव्हेंबरमध्ये मी फडावर गेले. सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. केजचीच टोळी होती, म्हणून बोलायला अडचण आली नाही. पहाटे साडेचारला कोप्यांमधून, म्हणजे झोपड्यांमधून माणसं बाहेर पडली. पुरुष बुडातून ऊस तोडत पुढे जायचा, बाई मागून पाचट म्हणजे वाळका पाला काढून, वाढं म्हणजे हिरवे शेंडे छाटून मोळी बांधायची. भरायच्या वेळी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची. मी एका बाईच्या मोळ्या मोजायला लागले आणि दुपारी मोजणं सोडून दिलं. संध्याकाळी मुकादमाने त्याची वही दाखवली. लांब, लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची. डाव्या बाजूला नावं, मध्ये उचल, उजवीकडे खाडे आणि वजनपावत्यांचे टन. बारा नावं. बाराही पुरुषांची. फडावर मी चोवीस माणसं मोजली होती.

“बायांची नावं कुठायत, दादा?” मी विचारलं.

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. “मॅडम, हा कोयता हाय ना,” तो एका नावावर बोट ठेवून म्हणाला. “नवराबायको मिळून एक कोयता. अर्धा कोयता आसला तर मी अर्धा लिवतो.”

अर्धा कोयता म्हणजे एकटं माणूस. त्या वहीत बाई कधीच पूर्ण नव्हती.

मी कोपीच्या उजेडात माझा मसुदा उघडला. त्यातली व्याख्या अशी होती: “ऊसतोड कामगार” याचा अर्थ, ऊसतोडणीच्या कामाबद्दल जिला मजुरी देण्यात येते अशी व्यक्ती, असा आहे. कामगार कायद्यांत अशा व्याख्या वर्षानुवर्षं चालत आल्यात, मी तिथूनच उचलली होती. आता मजुरी देण्यात येते कोणाला? वहीत नाव असलेल्याला. म्हणजे बायकांनी वही भरून मागण्या पाठवल्या आणि मी जो कायदा लिहिला त्यात त्या बायका कामगारच नव्हत्या. भरपाई, बाळंतपण, दवाखाना, पुढची सगळी कलमं या एका ओळीवर उभी होती. ती रात्र मला झोप लागली नाही.

पुण्याला आल्यावर मी सरांशी वाद घातला, कारण चूक मान्य करायला जड जात होतं. १९०४ चा आपल्या राज्याचा जनरल क्लॉजेस ॲक्ट आहे, पुल्लिंगी शब्दात स्त्रिया आल्याच असं त्यात स्पष्ट आहे, ‘व्यक्ती’मध्ये बाई येतेच, असं मी म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, “तो नियम व्याकरण सांभाळतो. पगाराची वही सांभाळत नाही. समोरच्या वकिलाच्या खुर्चीत बसा आणि ही व्याख्या परत वाचा.” मी त्या खुर्चीत बसून वाचली. दोन मिनिटांत बाईचा दावा फेटाळून घेता आला असता.

त्या एका व्याख्येवर आम्ही तीन आठवडे काढले. शेवटी ती अशी झाली: “ऊसतोड कामगार” याचा अर्थ, ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळी बांधणे, मोळी वाहून नेणे किंवा वाहनात भरणे यांपैकी कोणतेही काम प्रत्यक्ष करणारी व्यक्ती, असा आहे, मग अशा कामाची मजुरी कोणाच्याही नावे नोंदवलेली असो किंवा कोणाच्याही हाती देण्यात आलेली असो. आणि खाली स्पष्टीकरण: जोडीने केलेल्या कामाच्या बाबतीत, एकाच नोंदीखाली काम करणारी प्रत्येक व्यक्ती स्वतंत्र ऊसतोड कामगार असेल. ‘मग’च्या पुढचा तुकडा सरांचा. मोळी वाहून नेणे हे शब्द माझे. बाईचं नाव कुठे घातलंच नाही, आणि तरी तिला बाहेर ढकलणं आता कठीण होतं.

पण मसुद्यात एक छिद्र बुजवलं की दुसरं दिसतं. ‘प्रत्यक्ष करणारी व्यक्ती’ म्हटल्यावर आईच्या हाताखाली वाढं गोळा करणारी अकरा वर्षांची मुलगीसुद्धा कामगार ठरली. मग कायद्यानेच बालमजुरीवर शिक्का मारला असं होईल का? मी घाईने ‘अठरा वर्षे पूर्ण केलेली’ हे शब्द घातले. सरांनी ते खोडले. विचारलं, “ती मुलगी ट्रॉलीखाली आली तर?” माझे शब्द तसेच राहिले असते तर तिच्या आईबापाला भरपाई मागता आली नसती, कारण ती कामगारच नाही. बंदी व्याख्येत घालायची नाही, हा धडा मला त्या दिवशी मिळाला. व्याख्या मोकळी ठेवली, आणि मुलांना कामाला लावणाऱ्यावरचा प्रतिबंध पुढे वेगळ्या कलमात, वेगळ्या शिक्षेसह घातला. मुलीचा हक्क राहिला, कामाला लावणाऱ्याचा गुन्हाही राहिला.

‘याचा अर्थ, … असा आहे’ आणि ‘यामध्ये … याचा समावेश होतो’ या दोन रचनांमधला फरक याच काळात अंगात मुरला. पहिली रचना दार बंद करते, दुसरी उघडं ठेवते. कामगार बंद दारात बसवायचा की उघड्या, नियोक्ता कुठल्या, हे ठरवणं म्हणजेच धोरण ठरवणं आहे. लोकांना वाटतं, धोरण आधी कुठेतरी बैठकीत ठरतं आणि मग मसुदा करणारा ते कायद्याच्या भाषेत उतरवतो. माझा अनुभव वेगळा आहे. लिहायला बसल्याशिवाय आपण काय ठरवलेलं नाही तेच कळत नाही.

उचलीचं कलम सगळ्यात अवघड गेलं. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. लग्न, दवाखाना, खत-बियाणं, सगळं त्यातूनच होतं, आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मी लिहिलं होतं की उचल लेखी करारानेच द्यावी, पावती द्यावी, व्याज नसावं. वाचायला शहाणपणाचं वाटतं. सरांनी १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा माझ्यासमोर ठेवला. आगाऊ रकमेच्या बदल्यात श्रम देण्याची सक्ती हीच तर तिथे वेठबिगारीची व्याख्या, आणि असं कर्ज फेडण्याचं दायित्वच तो कायदा संपवतो. १९८२ च्या आशियाई खेळांच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत करून घेतलेलं कामसुद्धा घटनेच्या अनुच्छेद २३ खाली सक्तीचं ठरवलं. “तुम्ही वेठबिगारीला रीतसर पावती देताय,” सर म्हणाले. ते कठोर बोलले, पण बरोबर होतं.

मग उचल बंदच करावी? हा प्रश्न मी केजला जाऊन बायकांनाच विचारला. एक मावशी म्हणाल्या, “उचल बंद केली तर पोरीचं लगीन कशावर करू? बँक देती का मला?” त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो बाजूला ठेवून कायदा लिहिणं मला पटेना. शेवटी आम्ही मधली वाट काढली. उचल दिली तर ती कामगाराच्या स्वतःच्या खात्यात, प्रत्येकाला स्वतंत्र. बाकी राहिलेली उचल पुढच्या हंगामात कामावर येण्याची अट होऊ शकणार नाही. आणि सगळ्यात शेवटी व्यावृत्तीचं कलम, की या अधिनियमातल्या कोणत्याही गोष्टीमुळे १९७६ च्या अधिनियमाखालच्या हक्कांना बाध येणार नाही. हे कलम पुरेसं मजबूत आहे का, याची मला आजही खात्री नाही.

मुकादमांची बैठक मी वेगळी घेतली. संघटनेतल्या काहींना ते आवडलं नाही. पण ज्याच्यावर बंधन घालायचं त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय लिहिलेलं कलम जमिनीवर टिकत नाही. वीसेक मुकादम आले. एकाने वही उघडून दाखवलं, दोन हंगामांपूर्वी चार कोयते उचल घेऊन गेले ते आलेच नाहीत, ट्रॅक्टरमालकाचं देणं याने स्वतःची दीड एकर विकून फेडलं. सगळ्या शिक्षा मुकादमावर लादलेला माझा मसुदा बायकांच्या हिताचाही नव्हता. शिक्षा खालच्या माणसावर थांबली की पाणी, दवाखाना, विमा देण्याची ऐपत असलेला वरचा सुटतो. तेव्हा ‘प्रमुख नियोक्ता’ म्हणून कारखाना आला: करार कोणाच्याही नावे असला, तरी ज्या कारखान्याच्या गाळपासाठी ऊस तोडला जातो तो कारखाना. वजनपावती कारखान्याचीच असते, म्हणून पुरावाही तिथेच सापडतो.

त्याच बैठकीत ‘खाडा’ शब्दाचा निकाल लागला. भाषा संचालनालयाच्या कोशांत मला तो सापडला नव्हता, म्हणून मी ‘दंड’ लिहून मोकळी झाले होते: कोणताही दंड आकारता येणार नाही. एक मुकादम सरळपणे म्हणाला, “दंड आमी घेतच न्हाई. खाडा धरतो.” खाडा म्हणजे ज्या दिवशी कामावर आलं नाही त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर अंगावर रक्कम. पाळी असो, ताप असो, पोर आजारी असो. मी दंड बंद केला असता आणि खाडा सुखाने चालू राहिला असता. तेव्हा ‘खाडा’ हा शब्द त्याच रूपात व्याख्येत आला, ‘मग त्यास कोणत्याही नावाने संबोधण्यात येवो’ या शेपटासकट. सरांना लोकांच्या तोंडचा शब्द अधिनियमात गेल्याचा मनापासून आनंद झाला. म्हणाले, “इंग्रजी पाठातही तो शब्द तसाच ठेवा, तिरक्या अक्षरात.”

मराठी पाठाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथे फार निष्काळजीपणा चालतो. आधी इंग्रजीत लिहायचं आणि मग रात्रीतून भाषांतर करून जोडायचं, अशी सवय पडली आहे. आम्ही दोन्ही पाठ शेजारी शेजारी लिहिले. मराठीत अडलं की इंग्रजीतही गोंधळ असल्याचं दिसायचं. क्रियापदांवर सर्वांत जास्त वेळ गेला. ‘करील’ म्हणजे केलंच पाहिजे. ‘करता येईल’ म्हणजे मर्जी. एका कार्यालयात आमचा मसुदा वाचायला दिला होता, तो परत आला तेव्हा पाण्याच्या कलमातलं ‘करील’ बदलून ‘करता येईल’ केलेलं होतं. शेरा नाही, सही नाही. एवढा एक बदल, आणि सव्वीस पानांमधलं सगळ्यात साधं, सगळ्यात गरजेचं कलम मर्जीवर गेलं. मी ते पुन्हा ‘करील’ केलं आणि तेव्हापासून कुठूनही कागद परत आला की आधी क्रियापदं तपासते.

पैशाचा भाग मला सर्वांत रुक्ष वाटला होता, पण विधेयक तिथेच मरायला आलं होतं. मंडळाला पैसा कुठून? मी बेधडक लिहिलं होतं, गाळलेल्या उसावर प्रतिटन उपकर. आता आमचे आमदार विधान परिषदेचे. उपकर म्हणजे कर. कर आला की विधेयक धन विधेयकांविषयीच्या अनुच्छेद १९९ आणि २०७ च्या कक्षेत गेलं. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय ते मांडता येत नाही, आणि परिषदेत तर मुळीच मांडता येत नाही. बायकांनी वर्षभर जपलेली वही त्या एका शब्दाने दारातच अडली असती. म्हणून माथाडीसारखी रचना केली: नियोक्त्याने मजुरीच्या काही टक्के लेव्ही कामगारांना मिळणाऱ्या सोयींसाठी थेट मंडळात भरायची. राज्याच्या एकत्रित निधीतून जो थोडा खर्च येईल तो वित्तीय ज्ञापनात, म्हणजे विधेयकाला जोडलेल्या खर्चाच्या टिपणात मांडायचा. ते ज्ञापन लिहिताना कामगारांची संख्या हवी होती. कोणी आठ लाख म्हणे, कोणी बारा. ज्यांची मोजदादच झालेली नाही त्यांचा खर्च काढायचा कसा, यावर मी दोन रात्री बसले, आणि शेवटी टोळीमागे खर्च किती हे गणित मांडून मोकळी झाले.

कामगार हा विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, नोंदी २२ ते २४. केंद्राचे कायदे आधीपासून आहेत, म्हणजे उद्या विधेयक मंजूर झालं तरी अनुच्छेद २५४ खाली राष्ट्रपतींची संमती लागणार. त्या संमतीला वेळ लागतो: सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपला कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला आणि लागू झाला जुलै २०१७ मध्ये. शिवाय आमचं विधेयक अशासकीय, म्हणजे सरकारने नव्हे तर एका आमदाराने मांडायचं. संसदेत १९५२ पासून आजवर अशी चौदाच विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. हे सगळं मी कार्यकर्त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं डिसेंबरमध्ये. मोठी ताई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मांडल्याशिवाय ते नाही तरी कसं म्हणतील?”

अकरावा मसुदा फेब्रुवारी २०२० मध्ये पुरा झाला. त्याआधी केजला एका समाजमंदिरात मी तो मोठ्याने वाचला, मराठी पाठ, पहिल्या कलमापासून. ‘संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर’ इथे मी अडखळले, कारण समोर पन्नास बायका माझ्याकडे बघत होत्या. ‘गळीत हंगाम’च्या व्याख्येपाशी एकीने हात वर केला. नोंदणी हंगाम सुरू होण्यापूर्वी करावी, असं मी लिहिलं होतं. साखरेचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्या हिशेबाने सप्टेंबरअखेर. ती म्हणाली, “उचल तर आम्ही आखाडातच घेतो, ताई. त्याच्या आधी नाव लागलं तर उपेग.” सर त्या दिवशी सोबत होते. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून तिथल्या तिथे ‘उचल देण्यापूर्वी’ असं लिहिलं.

विधेयकाची सूचना विधानमंडळ सचिवालयात गेली. अशासकीय कामकाजाला शुक्रवार लागतो. मार्च २०२० चं अधिवेशन कोरोनामुळे १४ तारखेला गुंडाळलं गेलं. त्यानंतरचं पावसाळी अधिवेशन ७ आणि ८ सप्टेंबरला, सोमवार-मंगळवार. हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत १४ आणि १५ डिसेंबरला, सोमवार-मंगळवार. मार्च २०२१ मध्ये एक शुक्रवार आला, पण आमचा क्रम आला नाही. मग ५ आणि ६ जुलै २०२१. पुन्हा सोमवार-मंगळवार. मी दर वेळी कॅलेंडर बघायचे आणि केजला फोन करायचे. पुढे आमदारांची मुदत संपली.

मसुद्याच्या शेवटी अनुसूचीत नमुना ‘अ’ होता, नोंदणीचा अर्ज. एका पानाचा. एका कोयत्याला दोन ओळी, प्रत्येक ओळीत नाव, वय, स्वतःचं बँक खातं, हाती आलेली उचल, सही किंवा अंगठा. खाली मुकादमाची सही. संघटनेने तेवढं एक पान वेगळं छापून घेतलं, ‘कायदा नाही, आमचा करार’ असं वर लिहून. २०२१ च्या आखाडात एका तांड्यावर तो पहिल्यांदा भरला गेला तेव्हा मी गेले होते. पारावर सतरंजी, पॅड, निळी शाई. तीन मुकादम सही करायला तयार झाले होते.

एक तिशीतली बाई समोर बसली. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. कार्यकर्ती म्हणाली, “ती वरची ओळ. ही खालची तुझी.” तिने स्वतःचं नाव सांगितलं आणि थांबली. मग माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, माहेरचं लिवायचं का सासरचं? खातं माहेरच्या नावावर हाय. आधार सासरचं.”

नमुन्यात त्याचं उत्तर नव्हतं. मी दोन्ही लिहायला सांगितलं, आणि परतीच्या एसटीत बाराव्या मसुद्यासाठी कलम नऊखाली टिपून ठेवलं: कामगाराच्या नावात फरक असल्याच्या केवळ कारणावरून कोणतीही नोंदणी नाकारता येणार नाही.